मडगाव ते उडुपी: तीन दिवस, दोन मुक्काम. किती देवळं बसतील?

फातोर्डेकर

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवार-शनिवार-रविवारी गाडीनं दक्षिणेकडे जायचं ठरतंय. सात आसनी गाडी, सहा माणसं. दोघं सत्तरीपुढची, त्यातल्या एकांना गुडघ्याचा त्रास. कागदावरचा आराखडा असा:

पहिला दिवस – गोकर्ण, इडगुंजी, मुर्डेश्वर, रात्री कोल्लूर.
दुसरा दिवस – उडुपी, आगुंबे घाटानं शृंगेरी, तिथेच मुक्काम.
तिसरा दिवस – होरनाडू, धर्मस्थळ, रात्री उशिरा मडगाव.

हे जमेल का? पुरुषांच्या पोशाखाचे नियम नेमके कुठे कडक आहेत? आणि रस्त्याची सध्याची अवस्था काय?

साष्टीकर

नाही जमणार. तुम्ही किलोमीटर मोजलेत, देवळांच्या वेळा मोजल्या नाहीत. आपल्याकडे मंगेशीला किंवा कवळ्याला दुपारी गेलं तरी निदान बाहेरून हात जोडता येतात, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. गोकर्णाचं महाबळेश्वर साधारण साडेबाराला बंद होतं ते संध्याकाळी पाचला उघडतं. इडगुंजी आणि मुर्डेश्वर एकच्या सुमारास बंद, तीनच्या सुमारास परत सुरू. कोल्लूर दीडपर्यंत, मग तीननंतर. शृंगेरी दोनपर्यंत, पुढे चार-पाचनंतर. सणासुदीला यात थोडं मागे-पुढे होतं, पण सांगाडा हाच.

म्हणजे दिवसाचे दोन तुकडे पडतात. सकाळच्या तुकड्यात दोन देवळं, संध्याकाळच्या तुकड्यात एक. म्हातारी माणसं बरोबर असताना याच्यापुढे गेलात की एक तरी दार बंद मिळणार, आणि त्या बंद दारापाशी तीन-चार तास काढायला सावलीही मिळत नाही.

मडगाव-गोकर्ण अंतर १३० किमीच्या आसपास आहे. नकाशा अडीच तास दाखवेल, तुम्ही तीन ते सव्वातीन धरा. करमल घाटात वेग मिळत नाही, कारवार शहरात सिग्नल आणि वळणं आहेत, आणि मदनगेरीला महामार्ग सोडल्यावरचे शेवटचे दहाएक किलोमीटर अरुंद आहेत. आठला घर सोडलं तर गोकर्णाच्या रांगेत उभं राहायलाच साडेअकरा होतात. पहाटे साडेचारला निघा, पावणेआठपर्यंत पोचाल.

शृंगेरी, होरनाडू, धर्मस्थळ या वेळी सोडा. ती वेगळी चार दिवसांची फेरी आहे.

माजाळी नाका

रस्त्याबद्दल. कुंकळ्ळी-बाळ्ळीपासून करमल घाट संपेपर्यंत दोन पदरी, वळणांचा, झाडीतला रस्ता आहे. पहाटे समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांवर येतात, घाटात ओव्हरटेक करूच नका. काणकोणला ‘चार रस्ता’ या नाक्यावर बायपास घ्या, तो थेट माशेच्या बाजूला नेऊन सोडतो, चावडीच्या बाजारात शिरावं लागत नाही.

गोव्याच्या हद्दीवरच्या पोळे गावाच्या आधी टाकी भरा. गोव्यातलं पेट्रोल कर्नाटकापेक्षा लिटरमागे बरंच स्वस्त पडतं, आणि एवढ्या फेरीत तो फरक जाणवतो. डिकी तपासून घ्या. आधीच्या सहलीतली एखादी बाटली राहून गेली असेल तर माजाळीच्या अबकारी नाक्यावर ती निघते आणि देवदर्शनाला निघालेल्या माणसांचा तास तिथेच जातो.

कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला. तेव्हापासून दोन्ही बाजूंची वाहतूक नव्या पुलावर आली. पुलावर सावकाश, आणि फोटोसाठी थांबू नका.

कारवारच्या पुढे रस्ता बहुतेक चार पदरी आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. गावागावांत दुभाजक तोडून केलेली वळणं आहेत, तिथे दुचाकी आणि गुरं अचानक आडवी येतात. शिवाय चुकीच्या दिशेनं येणाऱ्या रिक्षा. चार पदरी म्हणून शंभरच्या पुढे जाऊ नका.

टोल हट्टिकेरी, होळेगद्दे, शिरूर, आणि उडुपीच्या अलीकडे सास्तान. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे आधीच भरून ठेवा. नाक्यावर उभं राहून रिचार्ज केला तर तो लगेच दिसेलच असं नाही, आणि मग जादा भरावे लागतात.

काणकोणची वाट

वरच्या प्रतिसादातलं शिरूर बैंदूरजवळचं. १६ जुलै २०२४ ला दरड कोसळली ते शिरूर अंकोल्याजवळचं, गंगावळी नदीच्या काठी. मोबाइलवर बातम्या शोधताना दोन्हींचा घोळ होतो म्हणून लिहिलं. तुम्ही पावसाळ्यानंतर जाताय, त्यामुळे दरडीची भीती नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी मात्र निघण्याच्या आदल्या रात्री उत्तर कन्नड जिल्ह्याच्या बातम्या बघितल्याशिवाय निघू नये. महामार्गासाठी डोंगराचा पायथा सरळ उभा कापला आहे, वरची जांभी माती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. म्हणून सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की धोका वाढतो.

पंचा-उपरणं

पोशाख.

गोकर्ण सर्वांत कडक. गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना पंचा किंवा धोतर हवं, सदरा-बनियन काढायचं. पँट, बर्म्युडा चालत नाही. दारापाशी दुकानांत पंचे विकत मिळतात, पण गर्दीत, रस्त्यावर उभं राहून नेसावे लागतात. घरून न्या.

उडुपीला सदरा आणि बनियन काढावं लागतं. कोल्लूरलाही आत जाताना अंग उघडं. शृंगेरीला पुढेमागे गेलात तर पुरुषांना धोतर-उपरणं, बायकांना साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस, तरच आतल्या मंडपापर्यंत सोडतात. बायकांसाठी हाच पोशाख सगळीकडे बिनतक्रार चालतो, जीन्स टाळा.

कापडाबद्दल. रेशमी सोवळं नेऊ नका. किनारपट्टीच्या दमटपणात ते अंगाला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी परत नेसवत नाही. सुती पांढरे पंचे, माणशी दोन. धोतराची सवय नसेल त्यांच्यासाठी कमरेला वेलक्रो लावलेलं शिवलेलं धोतर मिळतं. ते पँटीवरून गुंडाळू नका, खालचे पाय दिसतात आणि दारावरून परत पाठवतात. गाडीतच पँट काढून नेसून उतरा. प्रत्येक पुरुषाच्या खांद्याला एक कापडी पिशवी हवी, सदरा, बनियन, पाकीट, फोन सगळं त्यात. हातात सदरा धरून रांगेत उभं राहिलं की तीर्थ-प्रसाद घ्यायला हात मोकळा राहत नाही.

कोटितीर्थ

गोकर्णाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यांची गडबड होते.

गाडी रथबीदीत, म्हणजे देवळापुढच्या रथाच्या रस्त्यात, नेऊ नका. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानं, मध्ये गाई, आणि समुद्राकडे जाणारी पर्यटकांची गर्दी. बस स्थानकाच्या आसपासच्या पैसे देऊन लावायच्या जागेत गाडी ठेवा आणि ज्येष्ठांना रिक्षानं देवळाजवळ सोडा.

आधी महागणपती, मग महाबळेश्वर, हा क्रम. रावणाच्या हातातलं आत्मलिंग बटूच्या रूपातल्या गणपतीनं जमिनीवर ठेवलं, ते इथे. चिडलेल्या रावणानं त्याच्या डोक्यावर ठोसा मारला, त्याची खूण मूर्तीच्या मस्तकावर दाखवतात. शंकरानंच त्याला पहिला मान दिला, म्हणून लोक आधी इथे येतात.

आता आतलं. आत्मलिंग आपल्या नेहमीच्या पिंडीसारखं वर आलेलं दिसत नाही. चौकोनी शाळिग्राम पीठ आहे, त्याच्या मध्ये एक भोक, आणि आत खोलवर लिंगाचा माथा. वाकून, त्या भोकात बोटं घालून स्पर्श करायचा. बोटांना थंड, ओला, खडबडीत दगड लागतो तोच देव. बऱ्याच जणांना हे आधी ठाऊक नसतं. ते आत जाऊन इकडेतिकडे लिंग शोधतात, तोवर मागची रांग पुढे ढकलते आणि स्पर्श राहून जातो. आत शिरण्याआधीच सगळ्यांना समजावून ठेवा.

गुडघे दुखणाऱ्यांना वाकणं कठीण जातं. एका बाजूनं घरचा माणूस धरायला हवा, म्हणून त्यांना रांगेत मधोमध ठेवा, सर्वांत मागे नको. सोमवार, प्रदोष, श्रावण आणि महाशिवरात्र या काळात ज्येष्ठांना नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

श्राद्ध, पिंडदान किंवा नारायणबळी करायचा असेल तर तो स्वतंत्र दिवस धरा. गोव्यातल्या बऱ्याच घराण्यांचे उपाध्ये गोकर्णात ठरलेले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आधी फोन करा, दारात भेटेल त्याच्याबरोबर ठरवू नका.

तांबडी सुर्ला

आत्मलिंगाची पाच क्षेत्रं याच रस्त्यावर आहेत. रावणानं लिंग उपटायचा प्रयत्न केला तेव्हा त्याची पेटी, झाकण, दोरी, वस्त्र असं जे हाताला आलं ते भिरकावलं, आणि ते जिथे पडलं तिथे एकेक शिवस्थान झालं, अशी कथा. कारवारलगत शेजवाडचं शेज्जेश्वर, गोकर्णाचं महाबळेश्वर, कुमठ्याच्या पुढे महामार्गाला लागूनच धारेश्वर, होन्नावरच्या दक्षिणेला गुणवंतेश्वर आणि शेवटी मुर्डेश्वर. उत्तरेकडून निघालं की याच क्रमानं लागतात. पाचही एका दिवसात करणारे लोक आहेत, पण तुमच्या गाडीतली माणसं बघता धारेश्वर परतीच्या वाटेवर ठेवा. गर्दी नसते, चढायला फारसं काही नाही, दगडी मंदिर जुनं आणि शांत आहे.

फातोर्डेकर

मनापासून धन्यवाद. शृंगेरी-धर्मस्थळ काढलं. आता पहिल्या रात्री मुर्डेश्वर की कोल्लूर? आणि मुर्डेश्वरला ज्येष्ठांना कितपत चालावं लागतं?

शरावती

आधी इडगुंजी. महामार्ग सोडून चार-पाच किलोमीटर आत. गोकर्णाहून अकराच्या आत निघालात तर साडेबारापर्यंत पोचता. गणपती द्विभुज आहे, उभा, एका हातात कमळ, दुसऱ्यात मोदक, आणि सोबत उंदीर नाही. पंचकज्जाय हा इथला प्रसाद, तो घ्याच. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं, तीळ घालून केलेला, कोरडा असतो. दुपारी जेवणाचा प्रसाद मिळतो, तेव्हा हॉटेल शोधू नका.

मुर्डेश्वरला तीननंतर पोचा, आधी नको. कंदुकगिरीवरचा शंकर १२३ फुटांचा, राजगोपुर २० मजली, २३७ फूट. ही सगळी उंची बघायला लोक भर दुपारी येतात आणि अनवाणी पायांनी फरशीवर उड्या मारत परततात. तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, सावली नाही, दगड तापतो. चारनंतर फरशी सोसवते.

गोपुराला लिफ्ट आहे, तिकीट काढून १८ व्या मजल्यावर जाता येतं. वरच्या खिडक्यांतून मूर्ती, मंदिर आणि समुद्र एका नजरेत येतो. रांग लांब असेल तर ज्येष्ठांना खाली बसवा. मूर्तीपाशी जायला मात्र पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी ती खालूनच बघावी. खालून ती अधिक चांगली दिसते.

मुक्काम मुर्डेश्वरलाच करा.

सौपर्णिका

मी कोल्लूरच्या बाजूनं बोलतो. रात्रीच्या पूजेनंतर मूकांबिकेला कषायाचा नैवेद्य दाखवतात आणि तो गरम काढा भक्तांना वाटतात. आले, मिरी, गूळ यांचा तिखट-गोड काढा. तो घ्यायचा तर रात्र कोल्लूरलाच हवी. मुर्डेश्वराहून बैंदूरमार्गे साठएक किलोमीटर.

शरावती

कषाय खरंच घेण्यासारखं आहे, पण वेळ बघा. दिवाळीनंतर सव्वासहाला अंधार पडतो. बैंदूर-कोल्लूर रस्ता अभयारण्याच्या जंगलातून जातो, दिवे नाहीत, वळणं आहेत. पहाटे साडेचारपासून गाडी हाकणाऱ्या माणसाला तो रस्ता अंधारात देऊ नका. कषायासाठी जायचं असेल तर मुर्डेश्वर मुक्कामाऐवजी धावतं करून साडेचारला निघावं लागेल, आणि मग मुर्डेश्वर चारनंतर निवांत बघा हा माझाच सल्ला मोडतो. बरोबर ज्येष्ठ नसतील तर कोल्लूर, असतील तर मुर्डेश्वर.

सौपर्णिका

मान्य. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुर्डेश्वर सोडा, साडेसातपर्यंत कोल्लूर. त्या वेळी कोडचाद्रीच्या बाजूनं धुकं उतरलेलं असतं आणि गर्दी कमी. देवीच्या पुढे स्वयंभू लिंग आहे, त्यावर सोन्याची रेघ, एका बाजूला शिव, दुसऱ्या बाजूला शक्ती. ती अभिषेकाच्या वेळीच नीट दिसते, एरवी अलंकारांनी झाकलेली असते. मागची पंचलोहाची मूर्ती आदि शंकराचार्यांनी स्थापन केली अशी परंपरा. प्रदक्षिणेत सरस्वती मंडप लागतो. मुलं बरोबर असतील तर पाटी-पेन्सिल घेऊन दोन मिनिटं तिथे बसवा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मकर संक्रांतीपर्यंत शबरीमलेला जाणारे अय्यप्पा भक्त या पट्ट्यातली सगळी देवळं करत जातात. शनिवार-रविवारी बसगाड्यांवर बसगाड्या उतरतात. तुमचा शनिवार आहे, म्हणून साडेसातचे नऊ होऊ देऊ नका. खोल्या आधी राखून ठेवा, ऐन वेळी मिळणार नाहीत.

अष्टमठ

कोल्लूरहून साडेनऊला निघालात तर कुंदापूरमार्गे उडुपी ७५-८० किमी. वाटेत कुंभाशीला आनेगुड्डे विनायक अगदी महामार्गालगत आहे, अर्ध्या तासात होतो. साडेबारापर्यंत उडुपी.

उडुपीला क्रम चंद्रमौळीश्वर, अनंतेश्वर, मग कृष्ण. तिन्ही एकाच रथबीदीवर. गाडी आत जात नाही, मठाच्या वाहनतळावर लावून चालायचं, अंतर थोडं आहे.

कृष्णाचं दर्शन दारातून होत नाही. नऊ झरोक्यांच्या चांदीनं मढवलेल्या खिडकीतून, नवग्रह किंडीतून होतं. उंच माणसानं वाकायचं, बुटक्यानं टाचा उंचवायच्या, आणि एकाच झरोक्याला डोळा लावून स्थिर राहायचं. नजर सगळ्या झरोक्यांवर फिरवत बसलात तर काहीच दिसत नाही, आणि पुजारी पुढे व्हायला सांगतात. ज्यांना आतल्या रांगेत उभं राहवत नाही त्यांच्यासाठी बाहेरच्या बाजूला कनकन किंडी आहे. संतकवी कनकदासांना आत प्रवेश नव्हता, तेव्हा देवानं पश्चिमेकडे तोंड फिरवून भिंतीच्या फटीतून त्यांना दर्शन दिलं, ती ही जागा. तुमच्या ज्येष्ठांना तिथे न्या, रांग नसते आणि दर्शन तेवढंच खरं.

जेवणाआधी पंचांग बघा. एकादशीला मठात अन्नप्रसाद नसतो. दुपारी जेवण धरून आलेली माणसं अडीचला उपाशी हॉटेल शोधत फिरतात. कार्तिकातल्या द्वादशीनंतरचे लक्षदीपोत्सवाचे दिवस पडले तर संध्याकाळ बघण्यासारखी असते, पण खोली महिनाभर आधी ठरवावी लागते. सम वर्षी १८ जानेवारीला आठ मठांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे पूजेचा अधिकार जातो, तो पर्याय. त्या आठवड्यात नुसतं दर्शन घ्यायला येऊ नये.

बनवासी

विषय थोडा बाजूला जातोय, पण गोव्यातल्या वाचकांसाठी लिहावंसं वाटतं. सगळे किनाऱ्यानंच जातात आणि घाटावरची देवळं राहून जातात. अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, तिथून शिरसी, आणि पुढे वीसेक किलोमीटरवर बनवासी. आपण तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर कदंबांचं म्हणून अभिमानानं दाखवतो. कदंबांची मूळ राजधानी ही. मधुकेश्वराच्या देवळात नक्षीनं भरलेला अखंड दगडी मंचक आहे, त्याच्यापुढे अर्धा तास सहज जातो. शिरसीजवळच सोंदा. फोंडा, केपे, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकात याच सौंदेकर राजांकडे होता. नागेशी-बांदोड्याच्या आसपासच्या माणसाला ते नाव नवीन नाही.

तिथून सागरला उतरलात की इक्केरीचं अघोरेश्वर आणि केळदीचं रामेश्वर. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा औरंगजेबाच्या फौजांना न जुमानता ज्या राणी चन्नम्मांनी त्यांना आसरा दिला, त्या याच केळदीच्या. मराठी माणसानं एकदा तरी इथे डोकं टेकवावं.

या फेरीला गर्दी नाही, पोशाखाची सक्ती कमी आणि उजेडात देवळं बघायची असल्यानं दुपारच्या बंद वेळेचा जाच तेवढा होत नाही. मात्र अरबैल घाटात अवजड ट्रक रांगेनं असतात, दोन तासांची वाट तीनची होते. परतताना सागर-जोग-होन्नावर घ्या.

साष्टीकर

+१. पण हे धाग्यात वेगळी सहल म्हणूनच ठेवू या, नाहीतर फातोर्डेकर पुन्हा सगळं एकत्र करतील.

फातोर्डेकर

नाही करत. सुधारित आराखडा:

शुक्रवार – ४.३० मडगाव, गोकर्ण, इडगुंजीला दर्शन-प्रसाद, तीननंतर मुर्डेश्वर, मुक्काम.
शनिवार – ६ ला निघून कोल्लूर, आनेगुड्डे, उडुपी, मुक्काम.
रविवार – पहाटे कृष्णाचं दर्शन, धारेश्वर, संध्याकाळी घर.

साष्टीकर

रविवारचं एकच बघा. उडुपीहून मडगाव २८५ किमीच्या आसपास, थांबे धरून सात-साडेसात तास. धारेश्वरही दुपारी बंद असतं. आठला उडुपी सोडलंत तर साडेअकरापर्यंत धारेश्वर होतं. दहाला सोडलंत तर ते चुकतं. म्हणून नाश्ता उडुपीत करू नका, बन्स-इडली बांधून घ्या आणि आठच्या ठोक्याला निघा.

पंचा-उपरणं

आणि शनिवारी उडुपीला पोचलात की शुक्रवारचे पंचे लगेच धुऊन पंख्याखाली टाका. रविवारी पहाटेच्या दर्शनाला कोरडे लागतील.